आर्मस्ट्राँगचे पुनरागमन आणि अस्ताना संघाचे नेतृत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००९ च्या टूर द फ्रान्स या फ्रान्समधील सायकल शर्यतीचा इतिहास प्रथमच वाचणारा वाचक एका गोष्टीपाशी हमखास अडखळतो. विजेता आणि त्याचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी एकाच संघाची जर्सी घालून, एकाच हॉटेलात राहून, एकाच गाडीतून सूचना घेत तीन आठवडे एकमेकांशी कसे लढले, हे त्याला उमगत नाही. त्या हंगामाबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा वाद कोणाकोणात आणि कशावरून झाला?

अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग आणि स्पेनचा अल्बर्टो कॉन्टाडोर हे दोघे २००९ मध्ये कझाकस्तानच्या पैशावर चालणाऱ्या अस्ताना संघात होते. आर्मस्ट्राँगच्या नावावर त्या वेळी १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर विजेतेपदांची नोंद होती आणि साडेतीन वर्षांच्या निवृत्तीनंतर तो पुन्हा शर्यतीत उतरला होता. त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला कॉन्टाडोर मात्र ऐन बहरात होता. टूरमध्ये संघातील इतरांनी या दोघांपैकी कोणासाठी राबायचे, एवढाच वादाचा मुद्दा होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे पुरते ठाऊक असूनही त्या ठेवल्या गेल्या. माझ्या मते त्याचा दोष या दोघांच्या स्वभावापेक्षा संघाने वेळेवर निर्णय न घेण्याकडे अधिक जातो.

निवृत्त झालेला आर्मस्ट्राँग परत का आला?

९ सप्टेंबर २००८ रोजी त्याने पुनरागमन जाहीर केले तेव्हा जगभर कर्करोगाविषयी जागृती करणे, हे कारण त्याने पुढे केले. १९९६ मध्ये त्याला स्वतःला वृषणाचा कर्करोग झाला होता व त्यातून बरे झाल्यावर त्याने स्थापन केलेली संस्था तोवर मोठी झाली होती, त्यामुळे हे कारण अगदीच वरवरचे म्हणता येत नाही. अस्तानाकडून आपण वेतन घेणार नाही, असेही त्याने सांगितले. मात्र त्याआधीच्या महिन्यात कोलोरॅडोतील लेडव्हिल येथे १०० मैलांच्या माउंटन बाइक शर्यतीत तो डेव्ह वीन्सच्या मागे दुसरा आला होता, आणि शर्यतीची जुनी ओढ तेथेच पुन्हा जागी झाली असे बहुतेक जाणकार मानतात. आपल्या पश्चात झालेल्या टूरमधील स्पर्धा त्याला फारशी तगडी वाटत नव्हती, हेही त्याच्या तेव्हाच्या बोलण्यातून लपत नव्हते. त्या टूरपैकी २००७ ची कॉन्टाडोरने जिंकली होती.

त्याच्यासाठी नियमांत सवलत देण्यात आली का?

होय. निवृत्तीतून परतणाऱ्या सायकलपटूने सहा महिने उत्तेजक चाचणीच्या यादीत असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम होता. आर्मस्ट्राँगचे सहा महिने १ फेब्रुवारी २००९ ला पूर्ण होत होते, पण ऑस्ट्रेलियातील टूर डाउन अंडर २० जानेवारीला सुरू होणार होती. संघटनेने ते काही दिवस माफ केले. आपल्या चाचण्यांसाठी डॉन कॅटलिन या नामवंत तज्ज्ञाची स्वतंत्र देखरेख राहील, असेही वाजतगाजत जाहीर झाले होते. ती योजना प्रत्यक्षात सुरू होण्याआधीच फेब्रुवारीत गुंडाळण्यात आली.

कॉन्टाडोर आधीपासूनच संघाचा नेता नव्हता का?

होता, आणि तो मान त्याने कमावलेला होता. २००४ मध्ये अस्तुरियास येथील शर्यतीत तो सायकलवरून कोसळला. मेंदूतील रक्तवाहिनीचा जन्मजात दोष लक्षात आल्यावर त्याच्या डोक्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्या आजारातून उठताना आर्मस्ट्राँगचे आत्मचरित्र वाचून बळ मिळाल्याचे तो सांगत असे. पुढे २००७ मध्ये त्याने टूर जिंकली, तीही कॅडेल इव्हान्सपेक्षा अवघ्या २३ सेकंदांनी. २००८ मध्ये अस्तानाला टूरचे निमंत्रणच मिळाले नाही, कारण त्याच्या आधीच्या वर्षी संघाचा अलेक्झांडर विनोकुरोव्ह उत्तेजक चाचणीत दोषी ठरला होता. कॉन्टाडोरने मग सुट्टी अर्धवट टाकून, जेमतेम आठवडाभराच्या पूर्वसूचनेवर इटलीची जिरो द इटालिया शर्यत गाठली आणि जिंकली, आणि सप्टेंबरमध्ये स्पेनची व्हुएल्टाही जिंकली.

आर्मस्ट्राँगची घोषणा झाली तेव्हा कॉन्टाडोर त्याच व्हुएल्टात शर्यत करत होता. आपल्याच संघात कोण येऊ घातले आहे, याविषयीचे प्रश्न त्याला शर्यत चालू असतानाच झेलावे लागले. नेतृत्वासाठी पुन्हा झगडावे लागणार असेल तर आपण दुसरा संघ पाहू, असे त्याने सूचित केले होते, पण करारामुळे तो अखेर अस्तानातच राहिला.

सायकल शर्यतीत नेता एवढा महत्त्वाचा का असतो?

टूरचे विजेतेपद एकाच्या नावावर लागते, पण त्यासाठी नऊ जणांचा संघ झिजतो (२००९ मध्ये संघात नऊ सायकलपटू असत). सपाट रस्त्यावर पुढच्याच्या चाकामागे चाक लावून चालणाऱ्याला वारा कापावा लागत नाही, त्यामुळे त्याची बरीच शक्ती वाचते. सहायक सायकलपटू तासन्‌तास वारा अंगावर घेतात, गाडीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात आणि नेत्याचे चाक फुटले तर आपले काढून देतात. खड्या घाटात वेग कमी झाल्यावर वाऱ्याचा आडोसा फारसा कामाचा राहत नाही, आणि तेथे नेत्याला स्वतःचे पाय दाखवावे लागतात. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान का मिळतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आल्प्समधील टप्प्यांचे मोलही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नेते दोन झाले की अडचण अशी होते की, एक पुढे निसटला असताना दुसऱ्याने त्याचा पाठलाग करायचा नसतो, कारण तसे केले तर प्रतिस्पर्ध्यांना फुकटची ओढ मिळते. म्हणजे जो आधी निसटेल तो दुसऱ्याचे हात बांधून टाकतो. २००९ चा सारा तणाव या एका गोष्टीत साठलेला होता.

अशी लढत पूर्वी कधी झाली होती का?

सर्वांत जवळचे उदाहरण ला व्ही क्लेर संघातील बर्नार्ड इनो आणि ग्रेग लेमंड यांचे आहे. १९८५ मध्ये लेमंडला थांबवण्यात आले आणि इनोने पाचवी टूर जिंकली. पुढच्या वर्षी लेमंडला मदत करण्याचा शब्द त्याने दिला होता, पण १९८६ मध्ये तो पुन्हा पुन्हा हल्ले करत (म्हणजे अचानक वेग वाढवून निसटू पाहत) राहिला आणि तरीही लेमंडच ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला. फरक इतकाच की, तेथे निदान शब्द तरी दिलेला होता.

मग संघव्यवस्थापक योहान ब्रुनीलने नेता जाहीर का केला नाही?

आर्मस्ट्राँगच्या सातही टूरमध्ये संघाच्या गाडीत बसलेला माणूस ब्रुनील होता, आणि कॉन्टाडोरच्या २००७ च्या विजयातही तोच होता. जो अधिक बलवान असेल तो नेता आणि ते रस्ताच ठरवेल, अशी त्याची जाहीर भूमिका होती. ऐकायला ती न्याय्य वाटते. परंतु शर्यतीत रस्ता आपोआप काही ठरवत नाही, कारण कोणत्या क्षणी कोणी पुढे राहून ओढायचे आणि कोणी थांबायचे हे संघाच्या गाडीतून सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याचे मन कोणाकडे झुकलेले आहे यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

निवडीतही हा कल दिसला. कॉन्टाडोरचा विश्वासू सहायक बेंजामिन नोव्हाल याला टूरच्या संघात स्थान मिळाले नाही. लेव्ही लायफायमर, आंद्रेआस क्लोडेन, यारोस्लाव्ह पोपोविच आणि हायमार झुबेल्दिया यांच्या त्या संघात आपला म्हणावा असा कॉन्टाडोरला जवळपास एकटा पोर्तुगालचा सर्जिओ पॉलिन्यो उरला.

टूरपूर्वीच्या महिन्यांत काय घडले?

मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यतीत पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेला कॉन्टाडोर एका टप्प्यात पुरेसे न खाल्ल्यामुळे ऐन वेळी गळून गेला आणि शर्यत लुईस लिऑन सांचेझच्या हाती गेली. त्यावर आर्मस्ट्राँगने ट्विटरवर, प्रतिभा अफाट असली तरी त्याला अजून बरेच शिकायचे आहे, अशा अर्थाची टिप्पणी केली. संघसहकाऱ्याबद्दलचे हे मत जेवणाच्या टेबलावर सांगता आले असते. २३ मार्चला स्पेनमध्येच कास्तिया इ लिऑन शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात आर्मस्ट्राँग पडला आणि त्याचे गळ्याचे हाड मोडले. पट्टी आणि स्क्रू बसवून तो मे महिन्यात जिरोला उभा राहिला आणि बारावा आला. त्याच जिरोत, कझाक प्रायोजकांकडून वेतन थकल्याच्या निषेधार्थ, अस्तानाचे सायकलपटू प्रायोजकांची नावे फिकट केलेली जर्सी घालून धावले. पैसा कोणाचा आणि संघ कोणाचा, हा प्रश्नही तेव्हा उघडाच होता.

वाद पहिल्यांदा रस्त्यावर कधी दिसला?

मोनॅको येथून ४ जुलैला टूर सुरू झाली आणि पहिल्याच वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात, अस्तानाचे चार जण पहिल्या दहांत आले. कॉन्टाडोर दुसरा होता आणि आर्मस्ट्राँग दहावा. तिसऱ्या टप्प्यात, मार्सेहून ला ग्रांद-मोतकडे जाताना, शेवटच्या सुमारे ३० किलोमीटरवर रस्ता वळला आणि वारा आडवा झाला. आडव्या वाऱ्यात पुढचे लोक तिरकी रांग धरतात आणि रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. उरलेले कडेला एकामागे एक लटकतात आणि ती रांग कोठेतरी तुटते. कोलंबिया नावाच्या प्रतिस्पर्धी संघाने नेमक्या त्याच क्षणी वेग वाढवला. आर्मस्ट्राँग पुढच्या गटात होता, कॉन्टाडोर मागे सापडला.

येथवर हा अनुभवाचा आणि सावधपणाचा भाग झाला, त्याबद्दल आर्मस्ट्राँगला बोल लावता येत नाही. पण पुढच्या गटात त्याच्यासोबत असलेल्या पोपोविच आणि झुबेल्दिया यांनी कोलंबियाच्या बरोबरीने ओढायला सुरुवात केली. म्हणजे अस्तानाचे दोन सहायक अस्तानाच्याच नेत्यापासूनचे अंतर वाढवत होते. कॉन्टाडोरने त्या दिवशी सुमारे ४० सेकंद गमावले आणि एकूण क्रमवारीत आर्मस्ट्राँग त्याच्या पुढे गेला. संघाची बाजू अशी होती की, मागे राहिलेल्या इतर प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध तो फायदा घेणे भाग होते. ती बाजू तर्काला धरून आहे, पण घोषित नेता असता तर त्याच्यासाठी दोघांनाही थांबवले गेले असते, हे कोणताही जुना सायकलपटू सांगेल.

आर्मस्ट्राँगची पिवळी जर्सी खरोखर सेकंदाच्या अंशाने हुकली का?

हो. ७ जुलैला माँपेलिए येथील ३९ किलोमीटरची सांघिक टाइम ट्रायल अस्तानाने जिंकली. त्यानंतर आर्मस्ट्राँग आणि तेव्हा पिवळी जर्सी असलेला फाबियन कान्सेलारा यांची एकूण वेळ सेकंदापर्यंत सारखी झाली, तेव्हा आधीच्या टाइम ट्रायलमधील शतांश मोजावे लागले आणि कान्सेलारा ०.२२ सेकंदांनी पुढे राहिला. तो फरक उलटा असता तर संघातील वजनाचे पारडे कसे फिरले असते, यावर आजही चर्चा रंगते.

कॉन्टाडोरने ठरलेल्या डावपेचांविरुद्ध हल्ला केला का?

हा आरोप दोन टप्प्यांबाबत होतो. अँडोरातील आर्कालिस येथे सातव्या टप्प्याच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत तो एकटा निसटला आणि आर्मस्ट्राँगवर २१ सेकंदांची आघाडी घेऊन पुढे गेला. असे ठरले नव्हते, असे आर्मस्ट्राँगने नंतर सांगितले. पण त्या दिवशी आर्मस्ट्राँगला जे वाटले असेल, तेच चार दिवसांपूर्वी ला ग्रांद-मोतला कॉन्टाडोरला वाटले असणार.

दुसरा प्रसंग सतराव्या टप्प्याचा, ल ग्रां-बोर्नांचा. कोलोंबिएर घाटात कॉन्टाडोर, क्लोडेन आणि लक्झेंबर्गचे आंडी व फ्रँक श्लेक हे भाऊ असे चौघेच पुढे उरले होते. क्लोडेन टिकला असता तर अंतिम क्रमवारीत पहिल्या तिघांत अस्तानाचे किमान दोघे, कदाचित तिघेही बसण्याची शक्यता होती. कॉन्टाडोरने वेग वाढवला, श्लेक भाऊ त्याच्या चाकाला चिकटून राहिले आणि तुटला तो एकटा क्लोडेन. टप्पा फ्रँकने जिंकला, आर्मस्ट्राँग दोन मिनिटांहून अधिक मागे आला आणि एकूण क्रमवारीत चौथ्या स्थानी घसरला. हल्ला करण्याची गरज नाही असे आपण सांगितले होते, असे ब्रुनीलने जाहीरपणे म्हटले. त्या एका चालीबाबत मला ब्रुनीलचे म्हणणे पटते, कारण त्यात कॉन्टाडोरला मिळाले काहीच नाही आणि संघाने मात्र एक माणूस गमावला.

नेतृत्वाचा निकाल नक्की कधी लागला?

१९ जुलैला, स्वित्झर्लंडमधील व्हर्बिए येथे. शेवटचा चढ जेमतेम नऊ किलोमीटरांचा होता. शिखर साडेपाच किलोमीटरांवर असताना कॉन्टाडोर खोगिरावरून उठला आणि मागे वळून न पाहता निघून गेला. पाठलाग करणारा आंडी श्लेक ४३ सेकंदांनी मागे पोहोचला आणि आर्मस्ट्राँग १ मिनिट ३५ सेकंदांनी, नववा. हा हल्ला आडव्या वाऱ्यात किंवा वळणावर नव्हता, सर्वांच्या डोळ्यांदेखत होता आणि कोणाच्याही पायांत त्याला उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी आर्मस्ट्राँगने कॉन्टाडोर सर्वांत बलवान असल्याचे मान्य केले आणि आता आपण त्याच्यासाठी काम करू, असे सांगितले. तेव्हा तो एकूण क्रमवारीत दुसरा होता, वय ३७ वर्षे. हे कबूल करण्यातला त्याचा मोकळेपणा नाकारण्याचे कारण नाही.

हॉटेलात आणि गाड्यांत काय चालले होते?

अॅनसीच्या टाइम ट्रायलच्या दिवशी संघाच्या गाड्या आर्मस्ट्राँगच्या पाहुण्यांना आणायला गेल्यामुळे आपल्याला भावाच्या गाडीतून जावे लागले, असे कॉन्टाडोरने नंतर सांगितले. त्याच दिवशी त्याने ती टाइम ट्रायल जिंकली, तीही कान्सेलाराला तीन सेकंदांनी मागे टाकून. त्याच सुमारास आर्मस्ट्राँगने पुढच्या वर्षी रेडिओशॅक या नव्या अमेरिकी संघातून उतरणार असल्याचे जाहीर केले. टूर अजून पॅरिसला पोहोचायची होती.

अंतिम निकाल काय लागला?

२६ जुलैला कॉन्टाडोर विजेता ठरला. आंडी श्लेक ४ मिनिटे ११ सेकंदांनी दुसरा, आर्मस्ट्राँग ५ मिनिटे २४ सेकंदांनी तिसरा आणि ब्रॅडली विगिन्स चौथा आला. आदल्या दिवशी माँ व्हाँतूच्या चढावर आर्मस्ट्राँगने तिसरे स्थान राखले होते. सांघिक क्रमवारीत पहिला क्रमांक अस्तानाचाच लागला, ही त्यातली गंमत. विजयमंचावर आयोजकांनी चुकून स्पेनऐवजी डेन्मार्कचे राष्ट्रगीत वाजवले.

त्यानंतर दोघांचे संबंध सुधारले का?

नाही. दुसऱ्याच दिवशी माद्रिदमध्ये कॉन्टाडोरने आर्मस्ट्राँगशी आपले नाते शून्य असल्याचे सांगितले. तो थोर सायकलपटू असला तरी माणूस म्हणून आपल्याला त्याच्याबद्दल कधी आदर वाटला नाही आणि वाटणारही नाही, असेही तो म्हणाला. आजारपणातल्या त्या वाचनाच्या आठवणीशेजारी हे विधान ठेवले म्हणजे त्या तीन आठवड्यांनी काय केले ते कळते. आर्मस्ट्राँगने ट्विटरवरून, विजेत्याची पारख तो सहकाऱ्यांचा आदर किती करतो यावरही होते, अशा आशयाचे उत्तर दिले. ब्रुनील, लायफायमर, क्लोडेन, पोपोविच आणि झुबेल्दिया हे सारे २०१० मध्ये रेडिओशॅकला गेले. कॉन्टाडोर अस्तानातच राहिला.

२०१० मध्ये समोरासमोर लढत झाली का?

ती होऊ शकली नाही. आल्प्समधील मॉर्झिनच्या टप्प्यात आर्मस्ट्राँग वारंवार पडला, त्याचे विजेतेपदाचे स्वप्न तेथेच संपले आणि अखेरीस तो तेविसावा आला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. कॉन्टाडोरने ती टूर रस्त्यावर ३९ सेकंदांनी जिंकली, परंतु क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडल्याच्या प्रकरणात क्रीडा लवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि विजेतेपद आंडी श्लेककडे गेले.

आर्मस्ट्राँगचे २००९ चे तिसरे स्थान अधिकृत नोंदीत आहे का?

नाही. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला. त्यात त्याच्या ११ माजी संघसहकाऱ्यांसह २६ जणांच्या साक्षी होत्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने तो २२ ऑक्टोबरला स्वीकारला आणि १ ऑगस्ट १९९८ पासूनचे त्याचे सारे निकाल रद्द झाले. त्यात सात टूर जशा गेल्या तसे २००९ चे तिसरे स्थानही गेले, आणि विगिन्स तिसरा धरला गेला. सात टूरचे विजेतेपद मात्र कोणालाच देण्यात आले नाही. ब्रुनीलवर २०१४ मध्ये दहा वर्षांची बंदी आली आणि २०१८ मध्ये ती आजन्म करण्यात आली.

पुनरागमनाच्या काळातही आर्मस्ट्राँगने उत्तेजके घेतली होती का?

याबाबत दोन बाजू नोंदलेल्या आहेत आणि त्या जुळत नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत त्याने सातही विजयांत उत्तेजके घेतल्याचे कबूल केले, परंतु २००९ आणि २०१० मध्ये काहीही घेतले नाही असे ठामपणे सांगितले. उत्तेजकविरोधी संस्थेच्या निर्णयात मात्र त्या दोन टूरमधील त्याच्या रक्ताच्या नोंदी दिल्या आहेत, आणि त्या नैसर्गिकपणे तशा येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असल्याचे तज्ज्ञाचे मत तेथे नोंदवले आहे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत थकवा साचत जातो तसे रक्तातील काही घटकांचे प्रमाण सहसा उतरत जाते. त्याच्या नमुन्यांत ती उतरण अपेक्षेप्रमाणे दिसली नाही, आणि नव्या रक्तपेशी तयार होण्याचा वेगही दबलेला दिसला, जो बाहेरून रक्त चढवल्यावर दबतो. ज्या कबुलीत बाकी सर्व मान्य केले त्यात एवढेच का नाकारले, यावर मतभेद आहेत. मला स्वतःला रक्ताचा पुरावा जड वाटतो.

कॉन्टाडोरचा २००९ चा विजय कायम आहे का?

कायम आहे. त्याच्यावरील कारवाई जुलै २०१० च्या नमुन्यापासून लागू झाली, त्यामुळे २०१० ची टूर आणि २०११ ची जिरो त्याच्याकडून काढून घेण्यात आली, पण २००७ आणि २००९ च्या टूर त्याच्या नावावर राहिल्या. बंदीनंतर त्याने २०१२ व २०१४ ची व्हुएल्टा आणि २०१५ ची जिरो जिंकली आणि २०१७ च्या व्हुएल्टात आंग्लिरूच्या खड्या चढावरचा टप्पा जिंकून निवृत्ती घेतली.